आकड्यांचा क्रम

संगणकाच्या स्मृतीत तक्ता असा नसतोच. असते ती आकड्यांची एक लांबच लांब रांग. तिचा तक्ता आपण मांडतो. मात्र कोणता निर्देशांक आधी बदलतो हे सांगितले नसेल, तर एकाच रांगेतून दोन निरनिराळे तक्ते निघतात. १९५७ साली प्रचारात आलेली फोरट्रान भाषा स्तंभामागून स्तंभ भरते, तर १९७२ च्या सुमारास सिद्ध झालेली सी भाषा ओळीमागून ओळ भरते. दोन्ही रीती आपापल्या परीने निर्दोष आहेत.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दैनिक पर्जन्याचे आकडे पाहावे. पाव अंशाच्या या जाळ्यावर रेखांशाचे १३५ व अक्षांशाचे १२९ बिंदू, म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे, आणि त्यांत रेखांश आधी बदलतो. कोणी चुकून १२९ आकड्यांची एक ओळ धरली, तर प्रत्येक ओळ सहा घरे सरकते व पडद्यावर देशाऐवजी तिरकस पट्टे उमटतात. ही चूक मी उपकारकच मानतो. ती लपून राहत नाही.

तपमानाची गोष्ट अधिक बिकट आहे. तेथे एक अंशाचे जाळे ३१ × ३१ असे चौरस आहे: ७.५ ते ३७.५ उत्तर अक्षांश आणि ६७.५ ते ९७.५ पूर्व रेखांश. क्रम उलटला तरी चित्र फाटत नाही. ते कर्णाभोवती निमूटपणे उलटते. १९ उत्तर, ७३ पूर्व येथील मुंबईचे तपमान १३ उत्तर, ७९ पूर्व येथे, म्हणजे वेल्लोरजवळ, जाऊन बसते. श्रीनगरचे तर अंदमानच्या उत्तरेस समुद्रात. सरासरी, कमाल, किमान यांत मात्र तिळमात्र फरक पडत नाही. किनाऱ्याची रेषा वर काढून कोणी निरखून पाहील, तरच हे उघडकीस येईल.

चित्रण करणाऱ्या कार्यक्रमाने आपल्या सोयीचा क्रम गृहीत धरावा, हे म्हणूनच मला मान्य नाही. त्याने विचारावे, आणि आकडे देणाऱ्याने अक्षांची नावे व क्रम त्या आकड्यांसोबतच लिहावा. नेटसीडीएफ या संचिका-प्रकारात अशी नावे असतात. फोरट्रानमध्ये व सीमध्ये त्यांचा क्रम परस्परांच्या उलट लिहावा लागतो हे खरे, परंतु नावे तीच राहतात.

शिक्षकांनी फळ्यावर १ ते ६ अंक घेऊन दोन ओळी व तीन स्तंभ भरून दाखवावे: एकदा वरची ओळ १, २, ३ येईल, दुसऱ्यांदा १, ३, ५.