हुजूरपक्षाची फूट आणि आपला हक्क



विलायतेतील हुजूरपक्षाला घरघर लागली आहे, ही वार्ता आपल्या कानी आली असेल. ती खोटी नाही. २०१९ साली ३६५ जागा जिंकणाऱ्या या पक्षाला ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत ६५० पैकी अवघ्या १२१ जागा मिळाल्या. युरोपीय संघाच्या प्रश्नाने त्यात उभी फूट पाडली. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी स्वतःच्याच २१ खासदारांना संसदीय गटातून काढून टाकले. २०२२ साली लिझ ट्रस यांचे पंतप्रधानपद सात आठवडेच टिकले. नेतेपदाच्या लढतीत केमी बेडनॉक यांच्याकडून हरलेले रॉबर्ट जेनरिक जानेवारी २०२६ मध्ये रिफॉर्म पक्षाला जाऊन मिळाले. हुजूरपक्ष जगेल की रिफॉर्म पक्ष त्याला गिळून टाकील, हे तेथील जाणत्यांनाही सांगवत नाही.

मग आपल्याला त्याचे काय, असे आपण विचाराल. जे सांगतो ते नीट ध्यानात घ्या.

आपली माणसे विलायतेत गेली आणि जातही त्यांच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून गेली. २०१० च्या समता कायद्याने वर्ण, राष्ट्रीयत्व व वंशमूळ यांवरून भेदभाव करण्यास बंदी केली. जातीबाबत मात्र मजूर पक्षाच्या सरकारने त्यात केवळ ऐच्छिक तरतूद ठेवली : वाटल्यास मंत्र्याने तिचा समावेश करावा! दलित संघटनांनी आवाज उठविला, लॉर्डांच्या सभागृहाने आग्रह धरला आणि एप्रिल २०१३ मध्ये संसदेने हे ऐच्छिक काम मंत्र्यावर बंधनकारक केले. काही हिंदू संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे काय झाले? कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक असे पाच हुजूरपक्षीय पंतप्रधान झाले. परंतु तो आदेश एकाच्याही सरकारने काढला नाही.

जुलै २०१८ पाहा. युरोपच्या प्रश्नावरून त्या महिन्यात डेव्हिड डेव्हिस व जॉन्सन यांनी मंत्रिपदे सोडली. त्याच महिन्यात मे यांच्या सरकारने जाहीर केले की, जातीचे कलम नको, संसदेने घातलेले बंधनच आम्ही रद्द करू, न्यायालये काय ते पाहून घेतील. त्यासाठी एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही! जे गट एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नव्हते, ते आपला हक्क नाकारताना एकदिल होते. न्यायालयाचा मार्ग म्हणजे काय? भेदभाव सोसणाऱ्या एकट्या मजुराने आपली जात वंशमूळात बसते हे पदरच्या पैशाने सिद्ध करावयाचे!

याच पक्षाच्या राजवटीत, मार्च २०२० मध्ये, लंडनच्या किंग हेन्री मार्गावरील परमपूज्य बाबासाहेबांच्या वास्तूत संग्रहालय ठेवण्यास परवानगी मिळाली. ती देणारे मंत्री हेच जेनरिक होते. आपल्याला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु बाबासाहेबांच्या वास्तूला मान आणि बाबासाहेबांच्या माणसांना कायद्याचे रक्षण नाही, हा कुठला न्याय? स्मारकाने हक्काची भरपाई होत नाही.

म्हणून हुजूरपक्षाच्या पडझडीने हर्षून जाऊ नका. १८४६ साली धान्याच्या कायद्यांवरून हा पक्ष असाच फुटला होता. बहुमताची सत्ता मिळण्यास त्याला १८७४ साल उजाडावे लागले, पण तो उठला. जमीनदारी, पैसा आणि वृत्तपत्रे ज्याच्या पाठीशी असतात, त्याला फूट परवडते.

आपल्याला ती परवडत नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांतच दुभंगला. १९५६ साली धम्मदीक्षा घेणाऱ्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० साली, म्हणजे ३४ वर्षांनी! त्या काळात कितीएक मुले केंद्राच्या सवलतींना मुकली, आणि आपले पुढारी खरा वारस कोण यावरच भांडत राहिले. १९९८ साली हे गट एकत्र आले तेव्हा महाराष्ट्रातून चार खासदार लोकसभेत गेले. पुढे पुन्हा फूट पडली आणि ते बळ ओसरले.

तुम्ही नुकतीच बावीस प्रतिज्ञा घेतली आहे. त्यांत कोणा पुढाऱ्याच्या गटाची प्रतिज्ञा नाही. उद्या विहारात कोणी आपला गट घेऊन आला, तर त्याचे नाव विचारू नका. आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, दाखल्यासाठी, जमिनीसाठी तू काय केलेस, एवढेच विचारा. उत्तर नसेल तर त्याला सन्मानाने दाराबाहेरची वाट दाखवा. परक्याचा पक्ष मोडल्याने आपला हक्क मिळत नाही, आणि आपली फळी मोडली तर मिळालेलाही टिकत नाही.

जय भीम!