पाडलेली विमाने मोजू नका, वाचलेली जहाजे मोजा

१/ “हलक्या विमानवेधी तोफांनी विमाने फारशी पाडली नाहीत, म्हणजे त्या निरुपयोगीच होत्या.” इतिहासप्रेमींच्या चर्चेत हे विधान वारंवार भेटते. त्यातला हिशेबच मुळात चुकीचा आहे.

२/ मूळच्या स्विस बनावटीची ऑर्लिकॉन घ्या. २० मिमीची, मिनिटाला सुमारे ४५० गोळे झाडणारी. तिला विजेची गरज नसे. तोफची खांद्याच्या रेट्याने ती फिरवी. त्यामुळे साध्या मालवाहू जहाजावरही ती बसवता येई.

३/ दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातील ब्रिटिश व्यापारी जहाजांना विमानवेधी तोफा दिल्या गेल्या. पुढे आकडे आले: जेमतेम ४ टक्के हल्ल्यांत विमान पडले होते. तेव्हा हा खर्च व्यर्थ आहे, असा सूर उमटला.

४/ मग हल्ला झालेल्या जहाजांचा हिशेब मांडला गेला. तोफा चालवणाऱ्या जहाजांपैकी १० टक्के बुडाली होती. ज्यांनी तोफा चालवल्या नाहीत, त्यांतील २५ टक्के.

५/ गोळ्यांच्या वर्षावात वैमानिकाचा नेम ढळे. तो सुखरूप परतला, तरी तोफेचे काम झालेले असे.

६/ मर्यादाही याच तर्कातून उमगते. ऑक्टोबर १९४४ पासून आलेले कामिकाझे वैमानिक मरायलाच निघाले होते. त्यांना धाक कसला? तिथे विमानाचे तुकडेच करावे लागत, आणि त्यासाठी ४० मिमीची बोफोर्स अधिक उपयोगी ठरली.

७/ म्हणून कोणत्याही शस्त्राला नापास करण्यापूर्वी विचारा: ते तिथे कशाच्या रक्षणासाठी ठेवले होते?