लिव्हरवर्ट आणि विषारी बेडूक

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या पश्चिम किनाऱ्याकडील दमट अरण्यांत एक सोनेरी बेडूक राहतो. त्याच्या कातडींतील विष इतकें जहाल कीं, तेथील एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांचीं टोकें त्याच्या पाठीवर घासून शिकार करीत. तसल्याच अरण्यांत झाडांच्या सालींवर व पानांवर लिव्हरवर्ट नांवाच्या चिमुकल्या वनस्पति पसरलेल्या असतात. त्यांना फूल नाहीं, खरें मूळ नाहीं, आणि पाहणारेही थोडेच. या दोहोंची तुलना प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु तींत घेण्याजोगा बोध आहे, असें आम्हांस वाटतें.

वर्गीकरणांत एक प्राणिसृष्टींतला, दुसरी वनस्पतिसृष्टींतली. तथापि दोघांच्याही कुळांस आरंभीं योग्य स्थान लाभलें नाहीं. लिनीअसनें 1753 मध्यें लिव्हरवर्टांस शैवालांत बसविलें, व 1758 मध्यें बेडकांस सापांच्याच वर्गांत घातलें. पुढील अभ्यासकांनीं ही सरमिसळ निस्तरली. सोनेरी बेडकास तर शास्त्रीय नांव 1978 मध्यें मिळालें. नांव देणें हें निव्वळ पंडिती काम नव्हे. ज्याची नोंदच नाहीं, त्याचें रक्षण कोण करणार?

संरक्षणांत मात्र रूपास मान मिळतो. बेडकाचा रंग जगाच्या डोळ्यांत भरला. 1987 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. लिव्हरवर्टांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत, पण त्यांची कैफियत मांडणारे विरळा. युरोपांतील मॉस, लिव्हरवर्ट व त्यांचे आप्त यांची पाहणी 2019 मध्यें प्रसिद्ध झाली, तेव्हां दर पांच जातींमागें एकीहून अधिक धोक्यांत असल्याचें दिसलें.

कोणी म्हणेल, बेडूक कांचेच्या पेटींत पाळून जगवावा. तो जगतो खरा. पण त्याचें विष रानांतील किड्यांच्या आहारांतून येतें, म्हणून पेटींत जन्मलेला बेडूक निर्विष असतो. देह वाचला, स्वभाव गेला! आमचें मत असें कीं, राखावयाचें तें अरण्यच: त्याची ओल, त्याचा पालापाचोळा, त्यांतील किडे. बेडूक कातडीनें आणि लिव्हरवर्ट सर्वांगानें तीच ओल शोषून घेतात. अरण्य राखलें, तर देखण्याबरोबर उपेक्षितही तरेल.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं पावसाळ्यांत सह्याद्रीच्या ओल्या दरडींकडे वांकून पाहावें. तेथेंही लिव्हरवर्ट आढळतात. त्यांस उपटूं नये. ओळखावें, एवढेंच आमचें मागणें.