घोडबंदरच्या बुरुजावरून : भूमी, अद्भुत आणि आपण

पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसमवेत घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो असताना घडलेला एक साधा प्रसंग या टिपणाला निमित्त झाला आहे. पावसाळा सरत आला होता. समोर उल्हास नदीची खाडी, तिच्या काठाने तिवरांचा गर्द पट्टा, पलीकडे ढगांत बुडालेले डोंगर. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हे अगदी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्यासारखं वाटतंय.” दुसऱ्याला ‘अवतार’ आठवला. समोरच्या दृश्यासाठी एकालाही मराठी साहित्यकृती आठवली नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी मलाही आठवली नाही.

अशा उद्गारांवर दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. एक, पाश्चात्त्य प्रभावाने आमची दृष्टी बिघडली म्हणून हळहळ व्यक्त करणे. दुसरी, ही तर तरुणांची बोलण्याची रीत, तिचा एवढा विचार कशाला, असे म्हणून विषय संपवणे. मला या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. हा उद्गार विद्यार्थ्यांच्या उणिवेपेक्षा आपल्या वाङ्मयाच्या एका उणिवेकडे अधिक बोट दाखवतो, असे माझे मत आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, प्रत्यक्ष भूप्रदेशात कथेतला प्रदेश पाहण्याची सवय नवी नाही. महाराष्ट्रातील कितीतरी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे लोकमानसाने ठरवून टाकले आहे. डोंगरातल्या झऱ्याला सीतेची न्हाणी म्हणणारा गुराखी आणि खाडीला टोल्किनची भूमी म्हणणारी विद्यार्थिनी यांच्या मनाचा व्यापार मुळात एकच आहे. खुद्द कोकणची भूमी परशुरामाने समुद्र मागे हटवून मिळवली, या मिथकाचे शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. ते खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. या मिथकाकडे मीरा-भाईंदरच्या खाजणांतून पाहिले तर ते निराळेच दिसते. बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, चिखलातून जमीन आणि मिठागरे उभी करणाऱ्या माणसांचे श्रम येथे शतकानुशतके चालत आले आहेत. समुद्र मागे हटवणे ही येथील माणसांची दिनचर्या होती. मिथकाने तिला एका परशूच्या फेकीत साठवले.

मग फरक कोठे आहे? तो कथेच्या मुक्कामात आहे. सीतेच्या न्हाणीची कथा त्या झऱ्याला चिकटते. तिच्यामुळे झऱ्याला नाव मिळते, जत्रा भरते, पाणी घाण करू नये असा दंडक पडतो. चित्रपटाची उपमा स्थळाला स्पर्श करते आणि उडून जाते. पहिल्या प्रकारात कथा स्थळाची होते. दुसऱ्यात स्थळ कथेचे उदाहरण होते. उदाहरणे बदलता येतात. तीच उपमा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला चालते, कास पठाराला चालते आणि घोडबंदरलाही चालते.

येथे स्वतः टोल्किनचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु तिच्यातील रिव्हेंडेल या दरीमागे १९११ सालच्या स्वित्झर्लंडच्या पदयात्रेतील लाउटरब्रुनेनची दरी आहे, आणि शायर या प्रदेशामागे बर्मिंगहॅमजवळचे सेअरहोल हे बालपणीचे खेडे आहे. म्हणजे त्याच्या बाबतीत भूमी आधी आणि प्रतिसृष्टी नंतर. पुढे २००१ ते २००३ मधील चित्रपटांनी ही प्रतिसृष्टी न्यूझीलंडच्या भूमीवर बसवली. तेथील न्गाउरुहोए हा ज्वालामुखी जगाला ‘माउंट डूम’ म्हणून ठाऊक झाला. तो ज्या टोंगारिरो परिसरात आहे, तेथील पवित्र शिखरे मावरी प्रमुखाने १८८७ साली रक्षणासाठी राजसत्तेच्या हाती सोपवली होती, ही कथा मात्र प्रेक्षकांपर्यंत पोचली नाही. आधीपासून कथा असलेल्या भूमीचीही अशी स्थिती होते. ज्या भूमीची कथा लिहिलीच गेली नाही, तिचे काय होत असेल?

आता मराठीकडे वळू. आपल्या कादंबरीचा आरंभच अद्भुतरम्यतेत झाला. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांतील सृष्टी संस्कृत काव्ये आणि अरबी सुरस कथा यांच्या संकेतांवर पोसलेली आहे. ती पायाखालच्या मातीतून आलेली नाही. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने (१८७१) शिवकालात एक कल्पित गड उभा केला, हे महत्त्वाचे पाऊल होते. नाथमाधवांचे उदाहरण तर विलक्षण आहे. सिंहगडाच्या कड्यावरून पडून ज्यांचे पाय कायमचे निकामी झाले, त्या लेखकाने पुढे ‘वीरधवल’सारखी (१९१३) साहसाची प्रतिसृष्टी रचली. भूमीपासून तुटलेल्या माणसाने कल्पनेत भूमी परत मिळवली, असे म्हणावेसे वाटते.

परंतु तोवर वाङ्मयाची मुख्य वाट बदललेली होती. हरिभाऊंच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली आणि अद्भुत हे वाङ्मयीन बाल्याचे लक्षण ठरले. पुढे प्रादेशिक कादंबरीने भूमीला न्याय दिला, पण तो वास्तवाच्या न्यायालयात. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’मध्ये (१९७५) अद्भुताला प्रौढ गांभीर्य मिळवून दिले, मात्र त्यांचा तो प्रदेश हेतुतः अनाम, देशकाळाच्या पलीकडचा आहे. परिणामी आपल्याकडे भूमी असलेल्या साहित्यात अद्भुत विरळ, आणि अद्भुत असलेल्या साहित्यात भूमी विरळ. ही फारकत अगदी संपूर्ण आहे असे नाही. पण ती प्रबळ आहे.

ती मिटली तर काय घडते, याचा दाखला ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने दिला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या वास्तववादी कादंबरीवरून, कल्पनेचे बीज नारायण धारपांच्या कथेतून, आणि भोवती कोकणचा पाऊस, वाडा, लोभ. आज ते गावाचे नाव उच्चारताच अनेकांना अद्भुताचा प्रत्यय येतो. हा चित्रपट मात्र हिंदीत झाला, याची नोंद आपण निमूटपणे करावयाची आहे.

हा केवळ वाङ्मयेतिहासाचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ८ लाखांहून अधिक लोक मीरा-भाईंदरमध्ये राहतात. त्यांतील बहुसंख्यांना लोहमार्गालगतची मिठागरे ‘रिकामी जागा’ वाटतात, आणि तिवरांचे रान ‘दलदल’. ज्या भूमीला कथा नाही तिला पडीक म्हणणे सोपे असते. याला प्रतिवाद असा होईल की, कथा भूमीचे रक्षण करतेच असे नाही. वसईच्या किल्ल्याचे उदाहरण घ्या. १७३९ च्या मोहिमेची कथा घराघरांत पोचली आहे. तरी २०१६ साली एका ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गीतपटात तो स्वप्नातल्या भारताचे नेपथ्य म्हणून सहज वापरता आला. प्रतिवाद योग्य आहे. कथा म्हणजे तटबंदी नव्हे. परंतु कथा असली की निदान विचारणारा कोणी असतो. त्याच मोहिमेत खाडीच्या अलीकडे धारावीचा किल्ला लढला. भाईंदरच्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना तो ठाऊक आहे, हे मी एकदा विचारले होते. वर गेलेला हात एकच होता, आणि तो चौक गावच्या मुलाचा होता.

म्हणून उपमा देणाऱ्या विद्यार्थिनीला मी अडवणार नाही. ती पाहत तरी होती. तिला पुढचा प्रश्न विचारावा, एवढेच आपल्या हाती आहे : या खाडीची स्वतःची गोष्ट कोणती? राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गावांतील आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वृद्धांकडे खाडीच्या, वेताळाच्या, बुडालेल्या गलबतांच्या गोष्टी असतील, तर त्या मिळवण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत. लोकसाहित्याच्या संकलनाला आपण प्रबंधाच्या परिशिष्टात जागा देतो; ती मुख्य विषयाची जागा झाली पाहिजे. अद्भुताला अभ्यासक्रमात बालसाहित्याच्या घटकापुरते कोंडणेही थांबले पाहिजे.

परतताना त्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, इथे खरंच घोडे उतरायचे?” घोडबंदर हे नाव अरबांशी चाललेल्या घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे सांगतात. ते मी तिला सांगितले. ती थांबली, आणि खाडीकडे पुन्हा एकदा पाहू लागली. या वेळी तिने कशाचीही उपमा दिली नाही.