पोकळीचे तापमान : जमा की येणे?

"कॉमर्सच्या मुलांनी विश्वाच्या भानगडीत कशाला पडावे?" गेल्या सत्रात एका पाहुण्या वक्त्यांनी मला भर सभेत विचारले. माझा प्रश्न एवढाच होता, "सर, हे तापमान मोजले कुणी?" सगळे हसले. म्हणून हा लेखप्रपंच.

विषय होता पोकळीच्या तापमानाचा. पोकळी म्हणजे काहीच नाही, ही आपली शाळेतली समजूत. पण पुंजयांत्रिकी सांगते की पोकळीतही क्षेत्रांची चुळबूळ थांबत नाही. आम्हां वाणिज्यवाल्यांना हे पटायला जड जात नाही. वर्षअखेर शिल्लक शून्य निघाली, म्हणून वर्षभर खात्यात उलाढालच झाली नाही असे थोडेच असते?

पुढचे मात्र खरेच नवलाचे. विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत राहिले, तर आपल्याभोवती एक क्षितिज तयार होते. त्यापलीकडून आता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. चुळबुळीचा काही भाग त्या पडद्याआड राहतो, आणि अपुरा हिशेब हाती आलेल्या निरीक्षकाला पोकळी ऊबदार भासते. गिबन्स आणि हॉकिंग यांनी १९७७ साली हे गणिताने दाखवले. ऊब तरी किती? प्रसरणाच्या आजच्या दरावरून काढली, तर दशांशचिन्हापुढे २९ शून्ये आणि मग कुठे पहिला आकडा, इतके केल्व्हिन! उलट, विश्वाच्या बाल्यावस्थेतले जे प्रारण आज आकाशभर पसरले आहे, ते सुमारे २.७ केल्व्हिनचे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना मुंगीची पावले कशी ऐकू यावीत?

तेव्हा उत्तर सरळ आहे : कुणीही मोजलेले नाही. अगदी जवळ आणलेल्या दोन धातूच्या पृष्ठभागांना पोकळीत एकमेकांकडे ओढणारे बल कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तवले आणि १९९७ मध्ये ते नेमकेपणाने मोजले गेले. ती रक्कम जमा झाली. पोकळीचे तापमान अजून येणे आहे. हे येणे बुडीत निघेल असे मला वाटत नाही, कारण निरनिराळ्या वाटांनी केलेले गणित त्याच आकड्याशी येते. परंतु येणे रक्कम रोकड म्हणून दाखवली, तर आमचे सर वही फेकून देतील. मग व्यासपीठावरून "विज्ञानाने सिद्ध केले आहे" कसे चालते?

मराठीत "अजून नाही", कन्नडात "इन्नू इल्ल". दोन शब्दांचे काम होते. यंदाही तेच वक्ते येणार असल्याचे ऐकतो. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.