तात्या विंचूचा तिसरा जन्म

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस पाढे पाठ नसले तरी तात्या विंचूचा मंत्र मात्र घडाघडा म्हणतां येतो, हें येथील पालकांस ठाऊक आहे. ‘झपाटलेला’ हा बोलपट १९९३ सालीं निघाला. आज आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणीहि तेव्हां जन्मलेलें नव्हतें. त्यांचे आईबापच त्या सुमारास दप्तर घेऊन शाळेंत जात असतील. तरी तो लहानसा बाहुला दोघांच्याहि सारखाच ओळखीचा. घोडेगांवच्या बाजारांत बैलाचें वय दांत पाहून सांगतात. भयपटाचें वय त्यास भ्यालेल्या पिढ्या मोजून सांगावें.

२०२४ सालीं श्री. महेश कोठारे यांनीं या चित्रपटाचा तिसरा भाग काढण्याचा मनोदय जाहीर केला, आणि त्यांत कै. लक्ष्मीकांत बेर्डे यांस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें पुन्हां पडद्यावर आणण्याचा विचारहि बोलून दाखविला. ही वार्ता वर्गांत आली तेव्हां निम्मा वर्ग टाळ्या पिटूं लागला. एका मुलीनें मात्र विचारलें, “सर, लक्ष्या तर वारला ना? मग त्याला विचारलें कोणी?” वर्ग हंसला, आम्ही हंसलों नाहीं. भुताखेतांच्या बोलपटाची चर्चा शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं वडील मंडळी म्हणतील. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, हा प्रश्न भुताचा नसून मनुष्याचा आहे, आणि तो मुलांनीं विचारलेला आहे.

ज्यांनीं मूळ चित्रपट पाहिला नसेल अशा थोड्या वाचकांसाठीं कथा सांगतों. तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार. बाबा चमत्कार नांवाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवितो आणि पोलिसांच्या गोळीनें मरतां मरतां आपला आत्मा एका बाहुल्यांत घालतो. तो बाहुला लक्ष्या नांवाच्या भोळ्या शब्दभ्रमकाराच्या हातीं येतो. बाहुल्याच्या देहांतून सुटावयाचें तर लक्ष्याचाच देह बळकावला पाहिजे, असें तात्यास कळतें, आणि पुढचा सारा गोंधळ त्यांतून उद्भवतो. कल्पना मूळची १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची खरी; परंतु तेथें बाहुला एका लहान मुलाच्या हातीं पडतो, येथें शब्दभ्रमकाराच्या. या एका फरकानें कथा आपली झाली. ज्याचा धंदाच बाहुल्याच्या तोंडून बोलावयाचा, त्याचा बाहुला खरोखरच बोलूं लागला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील? प्रेक्षक एकाच वेळीं हंसतो आणि दचकतो, तो या गांठीमुळें.

जुनी गोष्ट पुन्हां सांगणें यांत मुळींच वावगें नाहीं. कीर्तनकार तेंच आख्यान शंभरदां लावतो. श्रोत्यांस शेवट ठाऊक असतो, तरी मंडप भरतो. आमच्याच जिल्ह्यांत रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्तकथेस कीर्तनाचा साज चढविला. मोखाडा-जव्हारच्या डोंगरपट्ट्यांत बोहाड्याचीं सोंगें निघतात. तेच देव, तेच राक्षस पुन्हां पुन्हां गांवांतून नाचतात. एक म्हातारा थकला कीं दुसरा तरुण तें सोंग घेतो, आणि राक्षस जुनाच राहतो. आपल्या चित्रपटांचा इतिहासहि असाच आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि १९१७ सालीं तीच कथा पुन्हां चित्रित केली. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ काढून तिला बोलतें केलें. बाबूराव पेंटर यांनीं आपला १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ १९३६ सालीं बोलपट म्हणून पुन्हां काढला. तथापि आजहि जाणकार नांव घेतात तें मूकपटाचें! आवाज मिळाला म्हणजे चित्र सरस होतेंच असें नाहीं. हा धडा आपल्याकडे जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वींच मिळालेला आहे.

परदेशांत अक्राळविक्राळ प्राण्यांच्या चित्रपटांची अशीच पुनरावृत्ति चालते आणि तेथील रसिकहि असेच धास्तावतात. १९३३ चा ‘किंग काँग’ घ्या. तो प्रचंड वानर म्हणजे वास्तविक दीड फूट उंचीचा, आंत धातूचा सांगाडा आणि वर सशाचें कातडें असलेला बाहुला होता. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी त्यास केसभर हलवीत, एक चित्र घेत, पुन्हां हलवीत. त्यांच्या बोटांच्या स्पर्शानें कातड्यावरचे केस विसकटत, आणि पडद्यावर जणूं श्वापदाच्या अंगावर कांटा उभा राहिल्याचा भास होई. १९७६ सालीं चाळीस फुटी यंत्रवानर बांधण्यांत आला. तो कांहीं क्षणांपुरताच कामास आला, आणि बहुतेक काम केसाळ पोशाख चढवून रिक बेकर या माणसानेंच केलें. २००५ सालीं पीटर जॅक्सन यांनीं संगणकावर वानर घडविला, पण त्याच्या हालचालींमागें अँडी सर्किस हा नट होता.

जपानच्या गॉडझिलाची हकीकत तर अधिक शिकण्याजोगी आहे. १९५४ च्या मार्च महिन्यांत बिकिनी बेटावर अमेरिकेनें हायड्रोजन बाँबची चांचणी केली. तिची राख एका जपानी मच्छिमार नौकेवर पडली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इशिरो होंडा यांचा ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. त्या राक्षसाच्या पोटांत हिरोशिमाची राख होती. म्हणून रबरी पोशाख घातलेला मनुष्य दिसत असूनहि लोक गंभीर झाले. १९९८ सालीं अमेरिकेनें पुष्कळ पैसा ओतून त्याचा एक मोठा सरडा केला, आणि रसिकांनीं नाक मुरडलें. उलट २०२३ सालीं जपानांतच निघालेल्या ‘गॉडझिला मायनस वन’ या चित्रपटाचीं दृश्यें अवघ्या ३५ कारागिरांनीं रचलीं, त्यांत युद्धांत हरलेल्या माणसांचें दुःख होतें, आणि २०२४ सालीं त्यास दृश्यपरिणामांचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. राक्षस कशाचा, हें ज्यास कळतें त्यास थोडक्या खर्चांतहि राक्षस करतां येतो.

आमच्या तात्याच्या अमेरिकन चुलतभावाचें काय झालें तेंहि पाहा. २०१९ सालीं ‘चाइल्ड्स प्ले’ नव्यानें काढला, तेव्हां बाहुल्यांत गुन्हेगाराचा आत्मा ठेवलाच नाहीं. कारखान्यांत बिघडविलेलें यंत्र म्हणून तो खून करूं लागतो, असें दाखविलें. कल्पना काळास धरून होती. पण बिघडलेल्या यंत्रास हाव नसते, सूड नसतो. ज्याला कांहीं हवें आहे त्याचेंच भय वाटतें. तात्यास देह हवा आहे. त्याच्या साऱ्या दुष्टपणाच्या मुळाशीं ही एक भूक आहे.

आतां बाहुल्याविषयीं. मूळ तात्या विंचू श्री. रामदास पाध्ये यांच्या हातचा. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांच्या अर्धवटरावास महाराष्ट्रांत कोण ओळखीत नाहीं? बोलक्या बाहुल्याची विद्या ज्या घरांत बापाकडून मुलाकडे आली, त्या घरीं हा खलपुरुष जन्मास आला. त्याच्या मानेस किंचित् हिसका बसतो, डोळे जरा उशिरानें फिरतात, आणि त्या उशिरांतच भय आहे; कोणीतरी आंतून त्यास हलवीत आहे हें आपणांस कळतें. आमच्या शाळेच्या एका स्नेहसंमेलनांत मुलांनीं करवंटीचें डोकें आणि जुन्या पायमोज्याचें अंग करून असाच एक बाहुला नाचविला. दोरा शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांस दिसत होता. तरी पुढें बसलेला बालवर्ग किंचाळून पळाला. संगणकावर घडविलेला बाहुला भिंतीवर चढेल, हवेंत कोलांट्या घेईल; पण त्यास वजन नसेल, तर मुलें मोबाईलवर रोज पाहतात त्या असंख्य चित्रांपैकीं तें आणखी एक होईल. २०१३ च्या ‘झपाटलेला २’ मध्यें तात्या त्रिमिति पद्धतीनें अंगावर धांवून आला. त्या काळीं मराठींत हें साहस होतें, त्याचें कौतुक आम्ही करितों. परंतु आम्हांस त्यांतलें आज सर्वांत अधिक आठवतें तें नाकावरून घसरणारा चष्मा.

येथवर आमची धास्ती कारागिरीविषयींची झाली. ती चुकीची ठरली तर आम्हांस आनंदच होईल. दुसरी गोष्ट तशी नाहीं.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीं निवर्तले. ‘टुरटुर’ नाटकापासून ‘धूमधडाका’ (१९८५), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि पुढील कितीतरी चित्रपटांतून त्यांनीं महाराष्ट्रास हंसविलें. त्यांच्या विनोदाचें मर्म काय होतें? वाक्य कोठें तोडावें, समोरच्याकडे किती वेळ बघत राहावें, कोणत्या क्षणीं भिऊन ओरडावें, हें ते त्या त्या क्षणीं ठरवीत. यंत्रास जुन्या चित्रांचा ढीग घातला तर तें त्यांच्या आजवरच्या हंसण्याची सरासरी काढील. जें त्यांनीं कधींच केलें नव्हतें आणि उद्यां कदाचित् केलें असतें, तें त्यास कोठून सुचणार? शिवाय नटास ‘ही भूमिका मला नको’ असें म्हणण्याचा अधिकार असतो. बेर्डे यांस तो आतां बजावतां येणार नाहीं.

आणि मौज अशी कीं, हीच तर ‘झपाटलेला’ची कथा आहे! मेलेल्या माणसानें खोट्या देहांत शिरून जिवंतांत वावरावें, हें त्या चित्रपटांत भयंकर म्हणून दाखविलें. तात्या विंचू निदान आपल्या इच्छेनें बाहुल्यांत शिरला. लक्ष्या आयुष्यभर त्या बाहुल्यापासून आपला देह वांचवीत पळाला. त्यासच आपण उचलून बाहुल्यांत घालावयाचें काय? श्री. कोठारे यांच्या मनांत केवळ मित्रप्रेम असेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ज्या सोबत्याबरोबर उभें आयुष्य काम केलें, त्यास पुन्हां शेजारीं उभें करावें असें कोणास वाटणार नाहीं? दुःख मनुष्यास असेंच कांहीं करावयास लावतें. पण म्हणूनच तें करण्यापूर्वीं थांबावें.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आम्ही ऐकिलें आहे. जुना चित्रपट लागतो तेव्हां मेलेला मनुष्य बोलतोच कीं, असें ते म्हणतात. बोलतो खरा, पण तो स्वतः बोलला तेंच बोलतो. आजोबांचें पत्र पुन्हां वाचणें निराळें, आणि आजोबांच्या अक्षरांत नवें पत्र लिहून खालीं त्यांची सही करणें निराळें. वारसांची परवानगी घेतली म्हणजे झालें, असें दुसरे म्हणतात. ए. आर. रहमान यांनीं २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटांत बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साह्यानें वापरले. कुटुंबियांची संमति घेतली व मोबदलाहि दिला. हें सभ्यपणाचें वागणें झालें, आणि असें कांहीं करावयाचेंच तर इतकें तरी झालेंच पाहिजे. पण संमतीनें कायद्याचें तोंड बंद होतें, प्रेक्षकाचे डोळे बंद होत नाहींत. त्याच वर्षीं ‘एलियन: रोम्युलस’ मध्यें २०२० सालीं वारलेले इयन होम यांचा चेहरा कुटुंबाच्या परवानगीनें पुन्हां आणला; लोक कथा विसरून त्या चेहऱ्याकडेच बघत बसले आणि कुजबुजूं लागले.

आमच्या मतें मुखवटा आणि चेहरा यांत भेद करावा. तात्या विंचू हा बोहाड्यांतल्या राक्षसासारखा मुखवटा आहे. तो नव्या लांकडांत कोरावा, नव्या रंगानें रंगवावा, नव्या हातानें नाचवावा. त्यास मरण नाहीं. लक्ष्या हा चेहरा आहे, आणि तो ज्याचा होता त्याच्याबरोबर गेला.

कांहीं पालकांस निराळीच काळजी वाटते: मंत्राच्या गोष्टींनीं मुलें अंधश्रद्ध होतील. काळजी अस्थानीं नाहीं. ज्या २०१३ सालीं ‘झपाटलेला २’ निघाला, त्याच सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि जादूटोणाविरोधी कायदा आला. मांत्रिकांच्या नादीं लागून घरें बसलेलीं आपण पाहतों. तरीहि आमचा अनुभव असा कीं, जें मूल तात्याचा मंत्र म्हणून खदखदां हंसतें, तें मांत्रिकापुढें बसून थरथरत नाहीं. या बाबतींत आम्ही चित्रपटाच्या बाजूचे आहों.

तेव्हां तिसरा भाग निघावा, आणि येथील मुलांनीं तो मोबाईलच्या चार बोटांच्या कांचेवर न पाहतां अंधाऱ्या थिएटरांत, बापाचा हात धरून पाहावा, ही आमची इच्छा. बाहुला हातांनीं हलविलेला असावा. तात्याचा आवाज देणारे श्री. दिलीप प्रभावळकर यांनीं ऐंशी ओलांडल्यावर २०२५ च्या ‘दशावतार’ चित्रपटांत काय केलें तें महाराष्ट्रानें पाहिलेंच आहे. त्यांच्या कंठास यंत्राची उसनवारी नको. दुसऱ्या भागांत लक्ष्याचा मुलगा दाखविला होता. तिसऱ्यांत त्याच्या घरीं भिंतीवर लक्ष्याचें हार घातलेलें छायाचित्र असावें, आणि रात्रीं सर्व निजल्यावर तात्या विंचूनें त्याखालीं उभें राहून मान वर करून पाहावें. ज्याच्या देहासाठीं इतका खटाटोप केला, तो देह आतां कोठेंच नाहीं. तेथें बाहुल्यानें काय बोलावें, किंवा बोलावें कीं नाहीं, तें प्रभावळकर यांच्यावर सोंपवावें.