नेट नाही म्हणून तास नाही?

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने मला दारातच गाठले. "सर, नेट नै तो आज कॉम्प्युटर का पीरियड बी नै ना?" त्याला आनंद झाला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वयात मलाही झाला असता. वाईट एवढ्याचेच वाटले की हे त्याला आम्हीच शिकवले आहे.

आमच्या उर्दू शाळेत पाच लॅपटॉप आहेत, कुणीतरी वापरून दिलेले, विंडोज ७ वाले. इंटरनेटचे बिल थकले, लाइन गेली, राउटर कंपनीचा होता तो कंपनी घेऊन गेली. मग कपाटाला कुलूप लागले. ते लावणाऱ्यांत मीही होतो.

आपण संगणक आणि इंटरनेट ही एकच वस्तू धरून बसलो आहोत. ईदच्या दिवशी शेजारच्या घरी शीरखुर्म्याची वाटी द्यायची तर कुणी एसटी स्टँडला वळसा घालून जात नाही. एकाच खोलीतल्या दोन लॅपटॉपनाही आपसात बोलायला बाहेरच्या लाइनची गरज नसते. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले, त्यातच ही सोय होती. तिचे नाव 'अ‍ॅड हॉक'. आम्हा शिक्षकांना हा शब्द वेगळ्याच कारणाने पाठ आहे, ते असो!

विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये जाऊन नवीन जोडणी निवडायची, त्या यादीत अ‍ॅड हॉकचा पर्याय आहे. नाव द्यायचे, सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२' निवडून पासवर्ड ठेवायचा. बाकीच्या लॅपटॉपवर ते नाव वायफायच्या यादीत दिसते. लॅपटॉप साधारण ३० फुटांच्या आत हवेत, म्हणजे आमचा वर्ग पुरतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नये. पत्ता वाटणारे कुणी नसले की संगणक आपला पत्ता आपणच ठरवतात. 'हे नेटवर्क जतन करा' या चौकटीत खूण करायला मी पहिल्या दिवशी विसरलो, सगळे बाहेर पडले आणि नेटवर्कच नाहीसे झाले. मुले हसली.

मग एक फोल्डर शेअर केला, मुलांना फक्त वाचण्याची परवानगी दिली. धडे, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि जमील नूरी नस्तालीक फाँट त्यात ठेवला, कारण फाँट नसला की आपली उर्दू भलत्याच वळणात उघडते. सायबर कॅफेतून व्हायरस घेऊन येणारा पेनड्राइव्ह आता बंद.

एक सहकारी म्हणाले, "ही जुनी पद्धत, विंडोज ८ पासून तो पर्याय काढून टाकलाय." खरे आहे. ज्यांच्याकडे नवे संगणक आहेत त्यांनी साधा राउटर लावावा. त्यात इंटरनेट नसले तरी तो संगणक जोडतोच. पण वीज गेली की राउटर झोपतो, आमचे लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतात. आणि आमच्याकडे जुनेच आहेत. अनुदान येईल तेव्हा येईल, तोवर सातवीची मुले नववीत जातील. उर्दू माध्यमाची मुले मागे पडतात असे भाषण करणाऱ्यांनी आधी आपल्या शाळेतल्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारावे.

नेटवर्कच्या नावावरून वर्गात भांडण झाले. शेवटी 'दस्तरखान' ठरले. पासवर्ड मी फळ्यावर लिहिलेला नाही, जवळ येऊन विचारावा लागतो. परवा सगळ्यात आधी विचारायला आला तो दारातला मुलगाच.